शोकाला अभिमानाची अट

उत्तर फ्रान्समधल्या बायुलमाँ या खेड्याच्या दफनभूमीत पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश शिपायाचं थडगं आहे. तो शत्रूच्या गोळीने मेला नाही. पळून गेल्याच्या आरोपावरून त्याचं कोर्ट मार्शल झालं आणि डिसेंबर 1916मध्ये एका पहाटे त्याच्याच सैन्याच्या गोळीबार पथकाने त्याला मारलं. घरच्यांना सुरुवातीला हे कळलं नव्हतं. कळलं तेव्हा बापाने थडग्यावर चार ओळी कोरून घेतल्या. मराठीत साधारण अशा: ‘पहाटे गोळ्या घातल्या. अगदी सुरुवातीला भरती झालेल्यांपैकी एक. आपल्या बापाला शोभेल असा मुलगा.’

मी याला कविता म्हणतो. यमक नाही, उपमा नाही, आणि तिच्यातला एकही शब्द काढता येणार नाही. सरकारने जे झाकलं होतं ते बापाने पहिल्याच ओळीत उघडं केलं. मग मुलाची बाजू मांडली. आणि शेवटी, दुसरा कुठला साक्षीदार उरला नाही म्हणून, स्वतःचं नाव तारण ठेवलं.

अभिमान या ओळींतही आहे, पण तो बापाकडे कुणी मागितलेला नाही. उलट, त्याने लाजेने मान खाली घालावी अशीच व्यवस्था होती. आज जगभर युद्धस्मृतीचे जे सोहळे होतात त्यांत आईबापांकडून मागून घेतला जातो तो अभिमान वेगळा. शवपेटीवर ध्वज असतो, बिगुल वाजून गेलेलं असतं, आणि कुणीतरी आईपुढे माईक धरतं: ‘तुम्हाला अभिमान वाटतो ना?’ त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं. ती ‘हो’ म्हणते. तिला खरंच वाटत असेल, किंवा दुसरं काही म्हणायची तिथे सोय नसेल. ती ‘नाही, मला तो परत हवाय’ म्हणाली तर माईक पुढे सरकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलगा युद्धात गमावलेल्या आईबापांच्या शोकाला अभिमानाची अट घालू नये. सोहळ्यात नाही, स्मारकावर नाही, आणि आपण ज्या कविता निवडून मुलांना शिकवतो त्या निवडीतही नाही. युद्धकवितेने आईबापांचा जो आवाज जपून ठेवला आहे तो या अटीत बसत नाही. म्हणून आपण तो अर्धाच वाचतो.

ही अट जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या पहिल्या वर्षाअखेरीस अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने मेलेल्या सैनिकांसाठी केलेलं भाषण थ्युसिडिडीस या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. त्यात तो आईबापांना सांगतो, ज्यांचं वय अजून आहे त्यांनी आणखी मुलांची आशा धरावी. त्यामुळे दुःखही कमी होईल आणि नगरालाही माणसं मिळतील. ज्यांचं वय उलटलं त्यांनी आयुष्याचा बराचसा भाग सुखात गेला यावर समाधान मानावं, उरलेलं थोडंच आहे. हे भाषण लोकशाहीचं स्तोत्र म्हणून वाचलं जातं आणि त्याच्या भव्यतेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एका गेलेल्या पोराच्या जागी दुसरं धरा, हे राज्यच बोलू शकतं. आईच्या तोंडी हे वाक्य घालून पाहावं, म्हणजे कळतं.

याच्या समोर मी गांधारीला उभं करतो. युद्धाच्या अठरा दिवसांत दुर्योधन आईकडे विजयाचा आशीर्वाद मागत राहिला आणि तिने दरवेळी एकच उत्तर दिलं, ‘यतो धर्मस्ततो जयः’. म्हणजे मुलाची बाजू खोटी आहे हे तिला ठाऊक होतं आणि तोंडावर तसं सांगण्याची धमकही होती. तरी स्त्रीपर्वात ती रणांगणावर उतरते तेव्हा त्याच मुलाच्या प्रेतावर कोसळते. तिचा शोक बाजू बघत नाही. ती शत्रूच्या घरातल्या पोरालाही बघते. अभिमन्यूच्या अंगावरचं चिलखत काढून त्याच्या जखमा न्याहाळणारी, रक्ताने चिकटलेले केस बाजूला सारणारी उत्तरा आपल्याला दिसते ती गांधारीच्या तोंडून. आणि मग ती ज्याच्या हातात युद्ध थांबवणं होतं त्याच्याकडे वळते. तू थांबवू शकत होतास, थांबवलं नाहीस, असं प्रत्यक्ष कृष्णाला म्हणते आणि शाप देते. महाभारताने तिला गप्प केलं नाही. पराभूत पक्षातल्या, चुकीच्या बाजूने लढलेल्या मुलांच्या आईला देवाला जाब विचारू दिला आणि तो शाप खराही होऊ दिला. विसाव्या शतकातल्या किती राष्ट्रांच्या स्मारकांना हे धाडस झालं?

ब्रिटिशांच्या बाबतीत हा प्रश्न फार उघडपणे लढला गेला, म्हणून तिकडे जरा थांबतो. 1917मध्ये साम्राज्याच्या युद्धकबरींसाठी मंडळ स्थापन झालं. ठरलं ते असं: कुणाचंही प्रेत घरी आणायचं नाही, हुद्दा काहीही असो, सगळ्यांना सारखाच दगड. पालक चिडले. आठ हजारांवर सह्यांचा अर्ज गेला; अर्ज नेणाऱ्या बाईंचे स्वतःचे तीन मुलगे गेले होते. 4 मे 1920 रोजी संसदेत यावर वाद झाला आणि सारख्या दगडाचा पक्ष टिकला. मला वाटतं, तो निर्णय बरोबर होता. नाहीतर श्रीमंताच्या पोरावर संगमरवर आणि मजुराच्या पोरावर कुजकी फळी, हेच झालं असतं.

पण त्या सारखेपणात एक फट ठेवली गेली. दगडाच्या तळाशी घरच्यांना स्वतःचा मजकूर घालता येई. मर्यादा 66 अक्षरांची, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. सुरुवातीला दर अक्षराला साडेतीन पेन्स आकारले जात. पुढे ते पैसे ऐच्छिक झाले. न्यूझीलंडने मात्र घरच्यांच्या मजकुराला साफ नकार दिला. गरीब-श्रीमंत भेद नको, हे त्यांचं कारण. कारण सात्त्विक आहे, पण मला ते पटत नाही. पैसे घेऊ नका, एवढंच पुरेसं होतं. बोलणंच काढून घेतलं. ज्या 66 अक्षरांत बायुलमाँचा बाप उभा राहिला, ती जागा न्यूझीलंडच्या एकाही बापाला मिळाली नाही. बेल्जियममधल्या टाइन कॉट दफनभूमीत दुसऱ्या एका बापाने कोरून घेतलेली ओळ अजून आहे: ‘युद्धाने युद्ध संपतं या भ्रमाला बळी दिला गेलेला.’ सरकारी दगडावर, सरकारी दफनभूमीत, सरकारी युद्धाबद्दल. आणि त्या ओळीने कुणाचाही अपमान झालेला नाही.

युद्धकबरींच्या या मंडळाचा साहित्यविषयक सल्लागार होता इंग्रज लेखक-कवी रुडयार्ड किपलिंग. ‘त्यांचं नाव चिरंतन राहील’ हे बायबलातलं वचन स्मारकशिळांसाठी त्यानेच निवडलं, आणि ओळख न पटलेल्या सैनिकाच्या दगडावरचे ‘देवाला ठाऊक’ हे शब्दही त्याचेच. तो सल्लागार होता आणि बापही. त्याच्या मुलाचे, जॉनचे, डोळे इतके अधू होते की सैन्याने त्याला नाकारलं होतं. बापाने माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि पोराला आयरिश गार्ड्स या फलटणीत जागा मिळाली. सप्टेंबर 1915मध्ये फ्रान्समधल्या लोसच्या लढाईत तो नाहीसा झाला. अठरावा वाढदिवस होऊन सहा आठवडे झाले होते. आईबापांनी फलटणीतल्या वाचलेल्या माणसांना गाठून गाठून विचारलं, इस्पितळं पालथी घातली. बापाच्या हयातीत प्रेत सापडलं नाही. संसदेतल्या त्या वादात किपलिंगचं पत्र वाचून दाखवलं गेलं. त्यात त्याने लिहिलं होतं की, आम्हाला जायला कधी थडगंच असणार नाही. ज्यांना ठाऊक असलेल्या जागी नाव कोरलेला दगड मिळाला ते किती नशीबवान आहेत हे त्यांना कळत नाही.

1916मध्ये त्याने ‘माय बॉय जॅक’ ही कविता लिहिली. ती आली जटलंडच्या नाविक लढाईवरच्या लेखांसोबत. कवितेत माणूस समुद्राकडे बघून विचारतो, माझ्या जॅकची काही खबर? उत्तर येतं, या भरतीला नाही. तो कधी परत येईल? या वाऱ्यावर, या भरतीवर नाही. अभ्यासक हे दाखवून देतात की किपलिंगचा मुलगा जॉन होता, जॅक नव्हे. आणि तो जमिनीवर मेला, समुद्रात नाही. म्हणून ही खलाशांची कविता, बापाची नव्हे, असाही एक पक्ष आहे. मला वाटतं, नाव आणि जागा बदलल्याशिवाय त्या माणसाला हा प्रश्न विचारताच येत नव्हता. फलटणीचा इतिहास त्याने दोन खंडांत लिहिला, त्यात काही वर्षं घातली, आणि 1923मध्ये तो छापून आला तेव्हा स्वतःच्या मुलाला त्यात जागा किती? ‘जखमी आणि बेपत्ता’ एवढी. इतिहासात ज्याला तो मुलगा म्हणू शकला नाही त्याला कवितेत दुसऱ्याच्या नावाने हाक मारली.

ही कविता मराठीत वाचताना आणखी एक गोष्ट घडते, जी इंग्रजीत घडूच शकत नाही. आपल्याकडे समुद्राला येते ती भरती आणि सैन्यात होते तीही भरती. ‘या भरतीला नाही, आणि पुढच्या कुठल्याही भरतीला नाही’ हे शब्द मराठीत मनाशी म्हटले की बापाने टाकलेला तो शब्द आठवतो. डोळे अधू असलेल्या पोराची भरती.

त्या कवितेच्या शेवटी बाप आधार शोधतो आणि सापडतो तो एवढाच, की पोराने आपल्या कुळाला खाली पाहायला लावलं नाही. सोहळ्यात वाचतात ती ही ओळ. 1919मध्ये छापलेल्या त्याच्या, समाधिलेखांच्या रूपातल्या छोट्या कवितांतली एक वाचत नाहीत. त्यात मेलेले सैनिक म्हणतात, आम्ही का मेलो असं कुणी विचारलं तर सांगा, आमचे बाप खोटं बोलले म्हणून.

इथे प्रामाणिक राहायला हवं. या ओळीवर ‘किपलिंगचा पश्चात्ताप’ अशी चिठ्ठी चिकटवणं सोपं आहे, आणि ते चूक आहे. युद्ध योग्य होतं असंच तो शेवटपर्यंत मानत राहिला. ‘खोटं बोलले’ याचा रोख बहुधा युद्धाची वेळेत तयारी न करणाऱ्या राजकारण्यांवर होता. पण शब्द त्याने ‘बाप’ असा वापरला. ‘मंत्री’ लिहिता आलं असतं. ज्या बापाने स्वतः पोरासाठी शब्द टाकला तो ‘बाप’ हा शब्द लिहिताना स्वतःला त्यातून वगळू शकला असेल, असं मला वाटत नाही. शोक आणि अपराध एकाच माणसात, एकाच बहुवचनात राहतात. अभिमानाची अट घातली की पहिला जातो तो हा अपराधाचा धागा, आणि तो गेला की उरलेलं सगळं खोटं वाटू लागतं.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हा, की अभिमान हाच अनेक आईबापांचा शेवटचा आधार असतो. तो काढून घेणारे आपण कोण? आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर मला पहिल्या महायुद्धातला इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन याच्या आईकडे सापडतं.

ओवेन 4 नोव्हेंबर 1918 रोजी, युद्ध संपायला आठवडा राहिला असताना, फ्रान्समधल्या ओर्सजवळच्या कालव्यावर मारला गेला. तार घरी पोचली ती 11 तारखेला, शस्त्रसंधीच्या घंटा वाजत असताना. त्याच्या थडग्यावर घरच्यांचा मजकूर म्हणून त्याच्याच एका कवितेतली ओळ आहे. मूळ कवितेत तो विचारतो: ‘जीवन या देहांना पुन्हा उभं करील? खरंच का ते सगळं मरण पुसून टाकील, सगळे अश्रू पुसील?’ पुढे पृथ्वीच उत्तर देते, की नाही. माझे जुने वण उजळणार नाहीत. दगडावर मात्र दुसरा प्रश्न मधेच तोडला आहे. तिथे वाचायला मिळतं: ‘जीवन या देहांना पुन्हा उभं करील? खरंच, सगळं मरण ते पुसून टाकील.’ शेवटचं प्रश्नचिन्ह गेलं. मुलाच्या शंकेचं आईच्या श्रद्धेत रूपांतर झालं, तेही मुलाच्याच शब्दांत.

समीक्षक यावर नाराज होतात. मी होऊ शकत नाही. ते तिचं होतं. त्याच आईने 1920मध्ये रवींद्रनाथ ठाकूरांना पत्र लिहिलं होतं. फ्रान्सला शेवटचं जाताना मुलाने तिला त्यांच्या ओळी म्हणून दाखवल्या होत्या: इथून जाताना माझा शेवटचा शब्द हा असो, की मी जे पाहिलं त्याला तोड नाही. त्याच ओळी त्याच्या खिशातल्या वहीत त्याच्या अक्षरात सापडल्या. तिने विचारलं, ही सगळी कविता मला कुठल्या पुस्तकात मिळेल? त्या ओळींच्या पुढे काय आहे हे तिला हवं होतं. पोराच्या कवितेत पुढे काय आहे ते दगडावर नको होतं.

म्हणून माझी रेघ मी इथे ओढतो. आईला ओळ तोडायचा हक्क आहे. सोहळ्याला नाही. तिने आधार म्हणून प्रश्नचिन्ह काढलं तर आपण मान खाली घालून दगडासमोर उभं राहावं. पण शाळेत, ग्रंथालयात, व्यासपीठावर कविता वाचायची ती पूर्ण वाचावी. आपण नेमकं उलट करतो. तिच्याकडून अभिमान वसूल करतो आणि कवितेतून शंका गाळतो.

ओवेनने बापांवर जी कविता लिहिली तिच्यात अब्राहाम मुलाला बळी द्यायला सुरी उचलतो, देवदूत सांगतो की मुलाऐवजी गर्वाचा मेंढा कापून टाक. बायबलात म्हातारा ऐकतो. ओवेनच्या कवितेत तो ऐकत नाही. मुलाला मारतो, ‘आणि युरोपचं अर्धं बीज, एकेक करून’. बीज. ऑक्टोबर 1918मध्ये जर्मनीत हाच शब्द एका आईने वापरला. रिखार्ड डेमेल या कवीने शेवटच्या प्रतिकारासाठी स्वयंसेवकांना हाक दिली होती. शिल्पकार-चित्रकार केथे कॉलवित्झने त्याला जाहीर पत्राने उत्तर दिलं: पुरे झाली मरणं. आणि जर्मन महाकवी गटेचं वचन पुढे ठेवलं, पेरायचं बियाणं दळायचं नसतं.

कुठल्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळात घरात दाणा नसला तरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाहीत. पण या पत्रामागची गोष्ट अधिक जड आहे. तिचा धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा होता, सज्ञान नव्हता; युद्धावर जायला बापाची संमती लागत होती. बाप तयार नव्हता. त्याचं मन वळवलं ते तिने. ऑक्टोबर 1914मध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्यासाठीचं शिल्प पुरं करून दफनभूमीत बसवायला तिला 1932 साल उजाडलं. आई आणि बाप, गुडघ्यांवर, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. बाप ताठ, हात स्वतःभोवती आवळलेले. आई पुढे वाकलेली. एकमेकांना ते स्पर्श करत नाहीत. शिल्पात मुलगा नाही, ध्वज नाही, तलवार नाही. डेमेल कवी होता, आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतः लढायला गेलेला, म्हणजे भित्राही नव्हता. पण त्या ऑक्टोबरात खरी कविता आईने लिहिली, पत्राच्या रूपात, आणि ती लिहिण्याचा अधिकार तिला अपराधाने दिला होता.

‘असं बोललं तर सैनिकांचं मनोधैर्य खचेल’ हे नेहमी ऐकू येतं. सैनिकाला आई आहे हे सैनिकाला ठाऊक असतं. ते झाकून त्याचं धैर्य वाढत असेल तर ते धैर्य त्याचं नव्हे, धाडणाऱ्याचं आहे.

आणखी एका गोष्टीवर बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, ती म्हणजे कुणाच्या आईबापांचा शोक मोजला जातो. पानिपतची खबर नानासाहेब पेशव्यांना ज्या सांकेतिक चिठ्ठीतून कळली असं सांगतात, तिची ओळ मराठी माणसाच्या जिभेवर आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोत्यांतला एक पेशव्यांचा मुलगा विश्वासराव. जानेवारी 1761च्या त्या लढाईनंतर बाप जूनमध्ये गेला. बापाच्या शोकाची ही आपली सर्वांत प्रसिद्ध ओळ, आणि ती हिशेबाच्या भाषेत आहे. लहानपणापासून मी ‘दोन मोती’पाशी गहिवरत आलो. आता मला शेवटचा शब्द टोचतो. खुर्द्यातल्या प्रत्येक नाण्यालाही एक आई होती, आणि तिला चिठ्ठी आली नाही.

हे फक्त अठराव्या शतकातलं नाही. सारख्या दगडाचा आग्रह धरणाऱ्या त्याच ब्रिटिश मंडळाच्या आजच्या वारसाने 2021मध्ये अहवाल काढून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतल्या अंदाजे 45,000 ते 54,000 मृतांची स्मृती इतरांच्या बरोबरीने जपली गेली नाही; आणि आणखी निदान 1,16,000 जणांची, कदाचित 3,50,000 जणांची, नावानिशी नोंद झाली नाही किंवा अजिबातच झाली नाही. किपलिंगच्या समाधिलेखांत फ्रान्समध्ये मेलेल्या हिंदू शिपायासाठीही दोन ओळी आहेत: हा आपल्या देशात कुठल्या देवांची प्रार्थना करी ते आम्हाला ठाऊक नाही, आमच्या देशात दाखवलेल्या शौर्याचं फळ त्या देवांनी त्याला द्यावं. ओळी चांगल्या मनाने लिहिल्या आहेत. पण त्यांत आईबाप नाहीत. इतर काही समाधिलेखांत मुलगा, बाप, आई येतात. या शिपायाचं फक्त शौर्य येतं. ज्याच्या घराबद्दल काहीच ठाऊक नाही त्याचा शोक करता येत नाही, गौरवच करता येतो. हिशेबात गौरव सगळ्यात स्वस्त पडतो.

अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनची तिथल्या यादवी युद्धावरची, 1865ची एक कविता आहे. शरद ऋतूतलं शेत, पिकलेली सफरचंदं, आणि मुलगी ओरडते, बाबा, पीटचं पत्र आलंय, शेतातून वर या. आई दारात येते, घाईघाईने पाकीट फोडते. अक्षर मुलाचं नाही, खाली नाव फक्त त्याचं. डोळ्यांपुढे अंधारी येते, मधलेच शब्द दिसतात: छातीत गोळी, इस्पितळ, सध्या अशक्त, लवकरच बरा होईल. बहीण म्हणते, आई, बघ, बरा होईल म्हणतात. आणि कवी आपल्याला सांगतो की ते सगळे दारात उभे आहेत तेव्हाच तो मेलेला आहे. पुढे आई काळ्या कपड्यांत, ताट तसंच, रात्री झोप नाही. कवितेत देशाचं नाव येत नाही. त्या देशाच्या बाजूने व्हिटमन मनापासून उभा होता, इस्पितळांत जखमींच्या उशाशी बसला होता, त्यांची पत्रं लिहून देत होता. ते परकं अक्षर कदाचित त्याच्याच हातचं असतं. तरी त्याने त्या आईकडून एक शब्द अभिमानाचा घेतला नाही.

सोहळे बंद करा असं मी म्हणत नाही. बिगुल वाजू दे, नावं वाचली जाऊ देत, मोती, मोहरा, खुर्दा, सगळ्यांची. फक्त आईबापांना बोलतं करायचं असेल तर प्रश्न बदलावा. किपलिंगच्या त्याच समाधिलेखांत एक बाप बोलतो. त्याचा मुलगा कशावर तरी हसत असताना मारला गेला, आणि बापाला एवढंच हवं आहे की तो विनोद काय होता ते कळावं. हसण्यासारखं फारसं काही उरलं नाही अशा दिवसांत तो उपयोगी पडला असता. दोन ओळी आहेत. त्यांत देश नाही, शत्रू नाही, कुळही नाही. पुढच्या वेळी माईक आईसमोर धरणाऱ्याने अभिमानाचं विचारू नये. तो कशावर हसायचा ते विचारावं, आणि मग हात अवघडला तरी माईक तिथेच धरून ठेवावा.